घर बघायला आलेल्या व्हॅल्युअरने चहा घ्यावा का?

लेझरटेप

नाशकात बँकांसाठी घरं-फ्लॅटचं व्हॅल्युएशन करतो, म्हणजे कर्जाआधी घराची किंमत काढून देतो. मूळचा सिव्हिल इंजिनिअर, बरीच वर्षं एका सीनियर व्हॅल्युअरच्या हाताखाली साइटवर फिरलो, आता स्वतःचं रजिस्ट्रेशन आहे. धागा काढायचं कारण म्हणजे आमच्याच धंद्यातल्या दोघांत परवा जुंपली आणि मला धड कोणाचंच पटेना.

सीनियरांची पद्धत अशी: बेल वाजवायची, ओळखपत्र दाखवायचं, चपला बाहेर काढायच्या, खोल्या मापायच्या, फोटो काढायचे, चतुःसीमा बघायच्या, निघायचं. पाणीसुद्धा नाही. "खुर्चीत बसलास की आकडाही ऐसपैस बसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरा एक मित्र नेमका उलटा. नातू कुठल्या शाळेत, गाव कोणतं, कॉलेज रोडला गाडी लावायला जागा कशी मिळत नाही, सगळं बोलून होतं आणि तोवर हात मापं घेत असतात. त्याचं म्हणणं, माणूस मोकळा झाल्याशिवाय घर कळत नाही.

नियम म्हणाल तर कंपनी कायद्याखालच्या 2017 च्या रजिस्टर्ड व्हॅल्युअर नियमांना आचारसंहिता जोडलेली आहे. स्वातंत्र्याला बाधा येईल अशी भेटवस्तू किंवा पाहुणचार व्हॅल्युअरने किंवा त्याच्या नातेवाइकाने घेऊ नये, असं त्यात आहे. आता अर्धा कप चहाने कसली बाधा येते? पण सुरुवात चहानेच होते हेही खरं. गेल्या सीझनला मखमलाबादकडच्या एका घरी मी कागद बघत असताना मालकांनी द्राक्षांची पेटी स्कूटरवर पायाशी ठेवून दिली. परत द्यायला गेलो तर काकू म्हणाल्या, "अहो, घरच्या मळ्यातली आहेत, विकत थोडीच आणलीत?" पेटी परत केलीच. पण काकूंचा चेहरा उतरला, आणि मग गच्चीच्या कुलपाची किल्ली काही केल्या सापडेना.

तर घरमालकांनी सांगा, तुम्हाला काय अपेक्षित असतं? आणि धंद्यातल्यांनी सांगा, तुम्ही रेघ कुठे ओढता?

चुलीवरची_मिसळ

चहा घ्या हो. नाशकात येऊन नाही म्हणणारा माणूसच संशयास्पद.

(जागा धरून ठेवतोय, रात्री सविस्तर लिहितो.)

सिडकोकर

मी घरमालकाच्या बाजूने लिहितो, कारण आमची चांगलीच जिरली आहे.

नवीन नाशकात सिडकोच्या योजनेतलं घर. वडिलांनी खालचं घर घेतलं, आम्ही भावांनी वर मजला चढवला. इथे निम्म्या लेनची हीच गोष्ट आहे. धंद्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढायचं होतं, म्हणून बँकेचा माणूस आला. स्वभावाने लाख माणूस. बायकोने कांदेपोहे केले, तेही खाल्ले. वरच्या मजल्यावर गेला तर म्हणतो, "वा, किचन ओटा ग्रॅनाइटचा? अन् हे फॉल्स सीलिंग! घर मस्त ठेवलंय." जिन्यापाशी उभा राहून आईशी गप्पा मारल्या. जाताना आईच्या पाया पडला. आम्ही समजलो काम झालं.

बँकेत बोलावलं तेव्हा कळलं की वरचा मजला हिशेबात धरलेलाच नाही. मंजूर नकाशा नाही, म्हणून फक्त खालचं बांधकाम आणि भाडेपट्ट्याची जागा. नियम असेल, मला मान्य आहे. माझा राग त्या "वा" वर आहे. जी गोष्ट तुम्ही धरणार नाही तिचं तोंड भरून कौतुक कशाला करता? तिथेच सांगितलं असतं की दादा, वरच्याचा नकाशा लागेल, तर आम्ही दुकानासाठी दुसरी सोय बघितली असती. उगाच भावाने मालाचा ॲडव्हान्स देऊन टाकला.

त्यापेक्षा तुमचे सीनियर परवडले.

लेजरवाले_काका

बँकेतून निवृत्त झालोय. कर्ज खात्यात बराच काळ होतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून थोडं.

लोक एक गोष्ट विसरतात. फी कर्जदाराच्या खिशातून जाते, पण व्हॅल्युअर नेमलेला असतो बँकेने. त्याचा अशील बँक. म्हणून घरात उभं राहून आकडा बोलणं हा त्याचा अधिकारच नाही. सिडकोकर, तुमच्याकडचा माणूस "वरचं धरणार नाही" असं म्हणाला नाही, त्याचं हेही एक कारण असू शकेल. ग्रॅनाइटचं कौतुक मात्र त्याने टाळायला हवं होतं, तिथे तुमच्याशी सहमत.

आता लोक एवढे हळवे का होतात त्याचा हिशेब बघा. 60 लाखांचा फ्लॅट ठरला. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा 80 टक्के, म्हणजे फार तर 48 लाख. बँक साधारणपणे करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतलं जे कमी ते धरते. व्हॅल्युएशन 54 आलं की कर्ज 43 लाख 20 हजार. मधले 4 लाख 80 हजार घेणाऱ्याने कुठून आणायचे? स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन वेगळंच, ते या हिशेबात बसत नाही. तोवर टोकन दिलेलं असतं, जुन्या घराला गिऱ्हाईक बघितलेलं असतं. अशा वेळी टेप घेऊन आलेला माणूस हसला तरी लोक त्या हसण्याचा भाव काढतात.

आणि दारात उभा असलेला "घरमालक" कोण, हेही बघावं लागतं. रीसेलला विकणारा असतो, कर्ज घेणारा दुसराच. घर तारण असेल तर मालकच कर्जदार. कधी नुसता भाडेकरू असतो, त्याला या सगळ्याचं सोयरसुतक नसतं, उलट घर विकलं जाऊ नये असंच त्याला वाटत असतं. सगळ्यांशी एकाच साच्यातली मैत्री कशी करणार?

खरा त्रास मालकाच्या चहाचा कधीच नव्हता. त्रास देतो तो कर्ज आणून देणारा एजंट, जो गाडीतून तुमच्या सोबत येतो आणि लिफ्टमध्ये म्हणतो, "साहेब, तेवढा 60 चा आकडा बसवून घ्या." त्याच्यावर एखादा धागा काढा.

बोलघेवडा_इंजिनिअर

लेझरटेप, तुझा तो "दुसरा मित्र" मीच हे सगळ्या नाशकाला कळलंय, त्यामुळे आता सरळ लिहितो.

मी गप्पा मारतो त्या वेळ घालवायला नाही. लेझर मीटर भिंतीला लावला की लांबी कळते, भिंतीमागचं नाही कळत. मध्यंतरी सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरत्या गल्लीत एक जुनं घर होतं. कागद स्वच्छ, रंग नवा. आजी ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मी टेकलो, पाणी प्यायलो, म्हटलं, "आजी, 2008 च्या पुरात इथे होतात का?" आजींनी वातीचा हात न थांबवता पायाने जिन्याची पायरी दाखवली. "त्या वेळी इथवर. अन् एकोणसत्तरला वरच्या फळीला लागलं होतं. सासूबाईंनी डाळीचे डबे माळ्यावर टाकले." मग स्वतःच उठून कपाटामागची भिंत दाखवली. नवा रंग होता, पण हात लावला की पापुद्रा सुटत होता आणि आतली वीट ओली. हे कुठल्या इंडेक्स टू मध्ये, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यात, लिहिलेलं असतं?

ऑफिसला येऊन पूररेषेचा नकाशा पुन्हा काढला. घर निळ्या रेषेच्या आत की निळ्या आणि लालच्या मधे, याने सगळं बदलतं. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदाची. निळीच्या आत नवं बांधकाम जवळपास बंद, मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीची अट. घर पाडून नवं बांधता येणार नसेल तर जागेचा भाव कसा धरणार? तर सांगायचं असं की नकाशा बघायचाच असतो, पण घर नेमकं त्या रेघेवर असलं की काय बघायचं ते आजी सांगतात.

मोजपट्टी_ताई

मीही याच कामात आहे. बाई म्हणून दोन-तीन गोष्टी वेगळ्या दिसतात.

दुपारी जाते तेव्हा बहुतेक घरात बाईच एकटी असते. मी दिसले की ती निश्चिंत होते, बेडरूमचा दरवाजा स्वतः उघडते. पुरुष सहकारी गेला तर शेजारच्या काकूंना बोलावून घेतात, आणि बरोबरच आहे. म्हणून मी आदल्या दिवशी फोन करून सांगते की कोण येणार, किती वेळ लागेल, कोणकोणत्या खोल्यांचे फोटो लागतील. कपाट उघडणार नाही, देवघरात चप्पल-मोज्याने येणार नाही, माणसांचे फोटो काढणार नाही. एवढं बोलणं झालं की तिथे गेल्यावर गोड बोलावं लागत नाही.

उलट बाजूही आहे. एकटा पुरुष मालक असेल तर मी हसतसुद्धा मोजून. मोकळं बोललं की नंबर मागतात, मग रात्री "मॅडम, रिपोर्ट झाला का" सुरू. अशा ठिकाणी साइट इंजिनिअर मुलाला सोबत नेते. त्यामुळे "किती मोकळं वागावं" याला पुरुषांचं उत्तर मला जसंच्या तसं लागू होत नाही.

आणि बोलघेवडा, तुमच्या आजींबद्दल एक विचारू का? त्यांना माहीत होतं का, की त्या जे सांगताहेत त्याने त्यांच्याच घराची किंमत उतरणार आहे?

चुलीवरची_मिसळ

आता धागा रंगात आला.

बोलघेवडा_इंजिनिअर

ताई, मी बँकेचा माणूस आहे हे मुलाला माहीत होतं. आजींना वेगळं सांगितलं नव्हतं. पण मी खोटं काय बोललो? ओल होती, पूर आला होता. ते लपवून किंमत चढली असती तर उद्या कर्ज थकल्यावर घर विकून बँकेचे पैसे निघाले नसते. मी बँकेला काय तोंड दाखवायचं?

मोजपट्टी_ताई

रिपोर्ट बरोबरच आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. आजींच्या पायाशी बसून पाणी पिणं आणि त्याच वेळी मनात घसारा मोजणं, हे मला खटकतं. त्यांना तुम्ही घरी आलेल्या पोरासारखे वाटलात. "आजी, मी बँकेकडून आलोय, घराची किंमत ठरवायला, तुम्ही सांगाल ते मी लिहिणार," एवढं एक वाक्य आधी टाकलं असतं तरी त्यांनी कदाचित हेच सगळं सांगितलं असतं. जुनी माणसं पुराची गोष्ट लपवत नाहीत, अभिमानाने सांगतात. पण ठरवायची संधी त्यांना मिळायला हवी होती.

सिडकोकरांचं दुखणंही हेच आहे. त्यांच्याकडे कौतुक करून भ्रम निर्माण केला, इथे आपुलकी दाखवून माहिती काढली. दोन्हीकडे समोरच्याला कळलंच नाही की पाहुणा कोणाचा.

सिडकोकर

ताईंना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या आईला अजून वाटतं की तो मुलगा चांगला होता, बँकच वाईट.

वाड्यातला_पांडव

बँकेचं बाजूला ठेवा, वाटणीच्या व्हॅल्युएशनला काय होतं ते ऐका. रविवार कारंजापासून आत आमचा वाडा. सगळे चुलते मिळून नेमलेला एकच व्हॅल्युअर, म्हणजे सगळ्यांचा सामाईक. सकाळी आला, थोरल्या काकांकडे चहा-फराळ झाला. मग धाकट्या काकांच्या बिऱ्हाडात गेला, तिथे काकू पाणी घेऊन आल्या तर म्हणाला, "आत्ताच झालं." झालं! धाकट्यांनी तिथेच ठरवलं की हा थोरल्याचा माणूस. पुढे त्याने विहिरीचा वाटा, जुन्या भाडेकरूंच्या खोल्या, मागच्या बोळाचा हक्क असं सगळं व्यवस्थित मांडलं, एकेका खणाचं माप दिलं. कोणी वाचलंच नाही. भांडण त्या फराळावरच अडलं.

त्यामुळे वाटणीत नियम एकच: घेतलं तर सगळ्यांकडे घ्या, नाहीतर कोणाकडेच नको. आणि पोट बघता दुसरा पर्याय बरा.

लेजरवाले_काका

पांडव, हे बरं आणलंत. 2001 च्या आधीपासूनचं घर विकताना कॅपिटल गेनसाठी, म्हणजे नफ्यावरच्या करासाठी, 1 एप्रिल 2001 ची किंमत काढून घेतात, तिथे तर घरमालकच अशील असतो. तिथे बसा, चहा घ्या, जुने फोटो बघा, 2001 साली मागे शेत होतं की रस्ता ते विचारा. फक्त आकडा त्याच्या सोयीने फुगवू नका, एवढंच. अशील बदलला की बसण्याची जागा बदलते.

जर्सीतला_नाशिककर

गंगापूर रोडला वाढलो, सध्या न्यू जर्सीत. इथे मागच्या वर्षी घराचं रिफायनान्स केलं (जुनं कर्ज फेडून नवं घेतलं) तेव्हा अप्रेझर, म्हणजे इथला व्हॅल्युअर, आला होता. दारात हात मिळवला, कार्ड दिलं, "बेसमेंट कुठून?" विचारलं, आणि मापं घेत फिरला. मी विचारलं, काय वाटतं? तर म्हणाला, "किमतीबद्दल मला बोलता येत नाही." चिडून नाही, अगदी हसून. पण मी छप्पर बदलल्याची, नव्या फर्नेसची यादी दिली ती मात्र त्याने शांतपणे घेतली आणि वर्षं विचारून घेतली.

इथे हे सगळं 2008 च्या गृहकर्जांच्या घोळानंतर जास्त कडक झालं. कर्ज विकणारेच अप्रेझरवर दबाव टाकून आकडे चढवून घेत, म्हणून 2009 मध्ये आचारसंहिता आली आणि 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने अप्रेझरचं स्वातंत्र्य कायद्यात बसवलं. कर्जवाल्याला हवा तो आकडा त्याच्या कानात सांगता येत नाही. म्हणजे काकांच्या लिफ्टमधल्या एजंटवरच इथे आधी हात घातला, घरमालकाच्या चहावर नाही.

आणखी एक. राहत्या घराच्या मुख्य कर्जाला अप्रेझलची प्रत कर्जदाराला द्यावीच लागते, व्यवहार पुरा होण्याच्या किमान तीन कामकाजाच्या दिवस आधी. त्यामुळे तो गप्प राहिला तरी मला चिंता नव्हती. काय लिहिलंय ते मला वाचायला मिळणारच होतं.

सिडकोकर

इथेच तर गोम आहे! फी आम्ही भरली आणि रिपोर्ट बघायला मिळाला नाही. शाखेत विचारलं तर "अंतर्गत कागद आहे". घरात व्हॅल्युअर बोलणार नाही, बँक दाखवणार नाही, मग माणूस शेवटी त्या व्हॅल्युअरच्या चेहऱ्यावरच भविष्य वाचणार ना? रिपोर्ट हातात मिळत असता तर त्याच्या हसण्याला मी एवढी किंमत दिली नसती.

लेजरवाले_काका

लेखी अर्ज करा, फीची पावती जोडा. आमच्या वेळी लेखी मागितलेल्याला मी प्रत देत असे, शेजारच्या शाखेतले साहेब देत नसत. तोंडी विचारलं की तोंडीच नकार मिळतो.

चुलीवरची_मिसळ

रात्री सविस्तर लिहितो म्हणालो होतो, पण ताईंनी सगळं लिहून टाकलंय. एकच शंका. परवा आमच्या सोसायटीत रीसेलच्या फ्लॅटला व्हॅल्युअर आला, आणि विकणारे आजोबा भोळेपणाने म्हणाले, "खरा सौदा 65 चा आहे, कागदावर 50." व्हॅल्युअर चहा पीत होता. ऐकलं न ऐकलं केलं. मोकळेपणाचा हा प्रकार कुठे बसवायचा?

लेझरटेप

मिसळ, मी असतो तर कप खाली ठेवला असता. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं 2015 पासून आयकर कायद्यात बसत नाही, आणि आजोबांनी ते साक्षीदारासमोर सांगितलं. मी बाजारभाव माझ्या तुलनेच्या व्यवहारांवरून काढणार, त्यांच्या 65 वरूनही नाही आणि 50 वरूनही नाही. पण तेवढ्यात त्यांना सांगेन की आजोबा, हे मला सांगू नका, माझ्यासमोर बोललेलं माझ्यापाशी राहील असं धरू नका. ऐकलं न ऐकलं करणं मला जमणार नाही.

बाकी धागा वाचून सीनियरांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी पीत जा, उन्हाळा आहे." म्हणजे तेही सैल झालेत थोडे.

मी काय करायचं ठरवलंय ते सांगतो. ताईंसारखा आदल्या दिवशी फोन, त्यात हे सांगायचं: मी अमुक बँकेकडून येतोय, किंमत मी घरी सांगणार नाही, जे दिसेल आणि ऐकेन ते रिपोर्टमध्ये जाऊ शकतं. घरपट्टीची पावती, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, इंडेक्स टू काढून ठेवा. वाढवलेलं बांधकाम असेल तर त्याची परवानगीही काढून ठेवा, नसेल तर तो भाग बहुधा धरला जाणार नाही, हे फोनवरच सांगेन. हा आकडा नव्हे, त्यामुळे काका, हे मला सांगता येईल असं वाटतं. चहा दिला तर घेईन, पेटी नाही. ग्रॅनाइटवर काही बोलणार नाही.

लेजरवाले_काका

परवानगीचं फोनवर सांगायला हरकत नाही, तो नियम आहे, तुमचं मत नाही. फक्त "बहुधा" सोडू नका. सिडकोत काही जणांनी नंतर मंजुरी घेतली आहे आणि ती त्यांच्या ट्रंकेत तळाशी असते.

सिडकोकर

काका, आमच्या ट्रंकेत बघतो आजच. वडिलांनी कधीतरी महापालिकेत फेऱ्या मारल्या होत्या हे आठवतंय.